सांतियागोची यात्रा : काही पाण्यावरून, काही पायी



आजच्या व्याख्यानाचे नाव वाचून हे प्रवासवर्णन असावे, असे आपणांपैकी काहींना वाटले असेल. तसे ते नाही. मला एका प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे आहे, आणि तो प्रश्नही माझा नाही. वसईजवळच्या आगाशी गावचे एक निवृत्त शिक्षक माझ्या परिचयाचे आहेत. आम्ही सारे त्यांना मास्तर म्हणतो. आगाशीचे चर्च संत याकोबाच्या नावाचे आहे आणि मास्तरांचा बाप्तिस्मा तेथलाच. ह्या याकोबाची कबर म्हणून जे ठिकाण युरोपात बाराशे वर्षे पूज्य मानले गेले, त्या स्पेनमधील सांतियागोला एकदा जाऊन यावे, ही त्यांची फार दिवसांची इच्छा. परंतु वय सत्तरीच्या पुढे गेलेले आणि गुडघे कुरकुर करणारे. अशात त्यांच्या हाती एका प्रवासी कंपनीचे पत्रक पडले. लहान जहाजाने किनाऱ्याकिनाऱ्याने जावे, मधूनमधून उतरून यात्रेची वाट चालावी, असा त्यातला बेत.

मास्तर मला म्हणाले, "तुम्ही ह्या विषयावर वाचता, म्हणून विचारतो. रात्री जहाजात झोपायचे, सकाळी उतरून दहा-बारा किलोमीटर चालायचे, संध्याकाळी पुन्हा जहाजावर जेवायला हजर. ह्याला यात्रा म्हणायची की सहल, तेवढे सांगा. सहल असेल तर मला जायचे नाही."

मी त्या वेळी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून गेला नाही. पंढरीच्या वाटेने चालत जाणे म्हणजेच वारी, हे आपल्या हाडीमाशी इतके खिळलेले आहे, की यात्रेच्या गोष्टीत जहाजाचे नाव निघाले की आपल्याला प्रथम चैन आठवते. सांतियागोच्या बाबतीत ही समजूत कितपत खरी आहे, हे पाहावयाचे तर कथेच्या अगदी मुळापाशी गेले पाहिजे. आणि मुळापाशी गेल्यावर जे दिसते, ते थोडे चमत्कारिक आहे. ह्या यात्रेतला पहिला प्रवासी चालत गेलाच नव्हता. तो नावेने गेला, आणि तोही मेल्यानंतर.

याकोब हा जब्दीचा मुलगा, योहानाचा भाऊ, गालीलच्या सरोवरावरचा कोळी. येशूच्या बारा शिष्यांपैकी एक. इसवी सन ४४ च्या सुमारास हेरोद अग्रिप्पाने त्याचा तरवारीने वध करविला, एवढे बायबलात आहे. पुढची कथा बायबलात नाही, ती स्पेनची. याकोबाने स्पेनमध्ये धर्मप्रचार केला होता, म्हणून त्याच्या शिष्यांनी ते शव याफोच्या बंदरात एका नावेत ठेवले. नावेला ना शीड, ना सुकाणू, ना वल्ही. काही जण तर नावच दगडाची होती म्हणून सांगतात. ती नाव भूमध्य समुद्र ओलांडून, अटलांटिकला वळसा घालून, स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातल्या गालिसिया प्रांतात आरोसाच्या खाडीत शिरली आणि उल्या नदीतून वर जाऊन इरिया फ्लाविया ह्या रोमन गावापाशी लागली. ज्या दगडाला ती बांधली, तो दगड आजही तेथल्या पाद्रोन गावच्या सांतियागो चर्चमध्ये वेदीखाली दाखवितात. दगड रोमन काळातला आहे, त्यावर लेख आहे आणि तो नेपच्यून ह्या समुद्रदेवतेला वाहिलेला असावा, असे मानले जाते. पाद्रोन हे गावाचे नावही त्या दगडावरूनच आले. नावेतून उतरल्यावर मात्र शव बैलगाडीतून आत नेले, आणि त्यासाठी लुपा नावाच्या राणीने शिष्यांना कपटाने रानटी बैल दिले, ते क्रुसाच्या खुणेने गरीब झाले, वगैरे पुढची हकीकत आहे. ती मोठी गोड आहे, पण तिच्यात शिरत नाही.

ही कथा इतिहास म्हणून कोणी मांडत नाही. याकोब स्पेनला गेल्याचा समकालीन पुरावा नाही, हे कॅथलिक अभ्यासकही मान्य करतात. ठाम म्हणता येईल ते नवव्या शतकापासून. इ. स. ८२० ते ८३० च्या सुमारास पेलायो नावाच्या एका संन्याशाला रानात दिवे दिसले, इरियाचा बिशप तेओदोमिरो ह्याने तेथे एक जुनी कबर शोधली, आणि आस्तुरियासचा राजा दुसरा आल्फोन्सो ह्याने तिच्यावर चर्च बांधविले, अशी परंपरा. तेओदोमिरोसुद्धा काल्पनिक असावा, असे म्हणणारे विद्वान होते. परंतु १९५५ साली तेथल्या कॅथेड्रलच्या जमिनीखाली उत्खनन चालू असताना त्याच्याच नावाची थडग्याची शिळा निघाली. मृत्यूचे वर्ष ८४७. दंतकथेत वावरणारा माणूस असा एकाएकी इतिहासात येऊन उभा राहिला. आपले बिशपपद इरियाला असताना त्याने स्वतःला ह्या रानातल्या कबरीपाशी पुरून घेतले, ह्यावरून त्याची श्रद्धा तरी खरी होती असे म्हणावयास हरकत नाही.

आता जगभर प्रसिद्ध आहे तो ह्या यात्रेचा खुष्कीचा मार्ग. फ्रान्सच्या हद्दीवरून पिरेनीज पर्वत ओलांडून सुमारे ७८० किलोमीटर चालत यावयाचे, महिना-सव्वा महिना लागतो. बाराव्या शतकातल्या 'कोडेक्स कालिक्स्तिनुस' ह्या हस्तलिखित ग्रंथाच्या शेवटच्या भागात ह्या वाटेची माहिती दिलेली आहे : कोणत्या नदीचे पाणी पिऊ नये, कोणत्या प्रदेशातले लोक लुबाडतात, असे सारे. तिला युरोपातली जुनी प्रवासपुस्तिका म्हणावे. परंतु त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या भागात नावेची कथा आहे. पायवाट आणि पाणवाट ही एकाच पुस्तकाच्या दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधलेली आहेत, हे लोक विसरतात.

पाणवाटेने आलेले यात्रेकरू कोण, तर मुख्यतः इंग्लंड, आयर्लंड आणि उत्तर समुद्राच्या काठचे लोक. १३३७ पासून १४५३ पर्यंत इंग्लंड आणि फ्रान्स ह्यांचे युद्ध रेंगाळत होते. इंग्रजाला फ्रान्समधून पायी जाणे म्हणजे शत्रूच्या घरातून वाट काढणे. म्हणून हे लोक ब्रिस्टल, प्लिमथ अशा बंदरांतून गलबतांत चढत आणि गालिसियाच्या आ कोरुन्या बंदरात उतरत. जहाजमालकाला राजाचा परवाना घ्यावा लागे आणि यात्रेकरूंना शपथ : सोनेचांदी देशाबाहेर नेणार नाही, राजाची गुपिते फोडणार नाही. भक्तीच्या आड हेर आणि सावकार दोघेही लपतात, हे त्या काळच्या सरकारला ठाऊक होते.

ज्या वर्षी २५ जुलै, म्हणजे संत याकोबाचा सण, रविवारी येतो ते वर्ष पवित्र. तसे १४५६ हे वर्ष होते. त्या वर्षी ईटन येथील विद्यालयाचे एक अधिकारी विल्यम वे हे प्लिमथहून निघाले आणि चारच दिवसांत आ कोरुन्याला पोहोचले. मनुष्य हिशेबी होता. त्यांनी बंदरात उभी असलेली गलबते मोजली. ती भरली ८४, त्यांपैकी ३२ इंग्रजांची. त्याच वर्षी वाइट बेटावरच्या चेल गावचा जॉन गुडइयर नावाचा पाद्री संगजिऱ्यात कोरलेला याकोबचरित्राचा एक पट घेऊन आला. तो पट सांतियागोच्या कॅथेड्रलात आजही आहे आणि त्यात नावेचा प्रसंगही कोरलेला आहे. समुद्रावरून आलेल्या माणसाने तो प्रसंग कसा विसरावा!

ह्याच्या एकोणचाळीस वर्षे आधी, १४१७ ह्या पवित्र वर्षी, मार्जरी केंप ही नॉर्फोकमधली बाई ब्रिस्टलहून गेली होती. ही बाई असामान्य. देवाच्या नावाने भर रस्त्यात मोठमोठ्याने रडे. त्यामुळे सहप्रवासी तिला कंटाळलेले असत. ब्रिस्टलला जहाजासाठी तिला सहा आठवडे थांबावे लागले. जहाजावर चढताना लोकांनी तिला बजावले, की वादळ झाले तर तुला समुद्रात फेकून देऊ, कारण ते तुझ्यामुळेच झाले असे आम्ही समजू. सुदैवाने वारा चांगला लागला. सात दिवसांत पोहोचली, चौदा दिवस राहिली, पाच दिवसांत परत आली. तिने हे सारे पुढे दुसऱ्यांकडून लिहवून घेतले, म्हणून आपल्याला कळते.

आता हे आकडे जरा शेजारी शेजारी ठेवून पाहा. चालण्याचा मार्ग म्हणजे महिने. समुद्राचा मार्ग म्हणजे चार ते सात दिवस. मग समुद्राने जाणारे आळशी होते काय? त्या काळचे कोणी तसे म्हणालेले आढळत नाही. कारण उघड आहे. तळघरात गुरांसारखे कोंबलेले, ओकाऱ्यांनी बेजार झालेले, पाणी सडलेले, आणि जीव वाऱ्याच्या हातात. पंधराव्या शतकातल्या एका इंग्रजी कवितेत ह्या बोट लागण्याचे असे विनोदी वर्णन आहे, की ते वाचतानाही पोटात ढवळते. रामदास बोट १७ जुलै १९४७ रोजी रेवसजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ज्यांच्या घरी ती आठवण आहे त्यांना समुद्र म्हणजे काय, हे मी सांगावयास नको. चालणारा थकला तर झाडाखाली बसतो. समुद्रावरच्या माणसाला बसण्यासाठी झाडच नसते. तेव्हा त्या यात्रेत तपश्चर्येचा भाग होता समुद्र, आणि आ कोरुन्याच्या धक्क्यावर पाय टेकल्यावरचे ७५ किलोमीटर हा सुटकेचा भाग. आज नेमके उलट झाले आहे. चालणे हे तप ठरले आणि जहाज हा आराम. मास्तरांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर ह्या उलटापालटीत आहे, असे मला वाटते.

पुढे इंग्लंडने रोमशी संबंध तोडले, १५३० नंतरच्या दशकात तेथल्या यात्रा मोडीत निघाल्या आणि इंग्रज गलबते येईनाशी झाली. म्हणजे आली, पण निराळ्या कामासाठी! १५८९ साली ड्रेकचे आरमार आ कोरुन्यावर चालून आले तेव्हा सांतियागोच्या आर्चबिशपने भीतीने संताच्या अस्थी लपविल्या, आणि त्या इतक्या चांगल्या लपविल्या, की जवळजवळ तीनशे वर्षे कोणाला सापडल्या नाहीत. १८७९ साली त्या खणून काढल्या, १८८४ साली पोप तेराव्या लिओने त्या खऱ्या असल्याचे जाहीर केले. तरीही यात्रा काही उठली नाही. विसाव्या शतकात ओ सेब्रेइरो ह्या डोंगरी गावच्या एलियास वालिन्या नावाच्या पाद्रीबाबांनी रंगाचा डबा घेतला आणि १९८४ साली पिरेनीजपासून पुढे झाडांवर, दगडांवर, भिंतींवर पिवळे बाण काढीत ते गेले. १९८६ साली सांतियागोला पोहोचून प्रमाणपत्र घेणारे अडीच हजारांच्या आसपास होते. २०२४ साली ते पाच लाखांच्या घरात गेले. एका पाद्रीबाबांच्या पिवळ्या रंगाने जे केले, ते पोपच्या फर्मानाने झाले नाही.

प्रमाणपत्राचा उल्लेख आलाच आहे तर त्याचे नियमही सांगतो, कारण जहाज आणि पाय ह्यांचा हिशेब तेथेच लागतो. प्रमाणपत्राचे नाव 'कोंपोस्तेला'. ते लॅटिनमध्ये असते. पायी निदान १०० किलोमीटर किंवा सायकलीने २०० किलोमीटर वाट झालेली पाहिजे, आणि वाटेवरच्या चर्चमधून, धर्मशाळांतून, खानावळींतूनही यात्रापुस्तिकेवर शिक्के मारून घेतलेले पाहिजेत. मग आ कोरुन्याला उतरणाऱ्याचे काय? तेथून सांतियागो ७५ किलोमीटरच. जुन्या इंग्रज यात्रेकरूंपैकी निम्मे आजच्या कचेरीत नापास झाले असते! अलीकडे ह्यावर तोड काढली आहे. आपल्या देशात २५ किलोमीटर यात्रेची वाट चालून, तिचे शिक्के घेऊन आलेला माणूस आ कोरुन्याहून निघाला तरी चालतो. ब्रिस्टलपर्यंत मार्जरी केंप आपल्याच देशातून आली होती त्याची ही उशिरा मिळालेली दाद म्हणावयाची. ज्यांना ही सवलत नको, ते खाडीपलीकडच्या फेरोल बंदरातून निघतात. तेथून पोन्तेदेउमे, बेतान्सोस ह्या गावांवरून सांतियागो सुमारे १२० किलोमीटर. दोन्ही फाटे ब्रुमा ह्या खेड्यापाशी मिळतात आणि तेथे बाराव्या शतकापासून यात्रेकरूंचे विश्रामस्थान होते. शिडाच्या नावेने येणाऱ्यांसाठीही नियम आहे : बंदरोबंदरीचे शिक्के घेत १०० सागरी मैल, म्हणजे १८५ किलोमीटर, यावयाचे आणि शेवटची थोडी वाट पायी चालावयाची. म्हणजे चर्चने पाणी अमान्य केलेले नाही. पण शेवटी पाय जमिनीला लागलेच पाहिजेत, हे मात्र तिने सोडलेले नाही.

मास्तरांच्या पत्रकातला बेत असा होता. जहाज पोर्तुगालमधल्या पोर्तोजवळून निघते, उत्तरेकडे व्हियाना दो कास्तेलो, मग स्पेनच्या हद्दीत व्हिगो, मग आरोसाच्या खाडीतले विलागार्सिया, असे थांबत जाते. पन्नास-शंभर उतारू. मोठ्या जहाजांना जी बंदरे उथळ पडतात तेथे हे शिरते, एवढा त्याचा गुण. सकाळी मोटारगाडीने वाटेवर नेऊन सोडतात, निवडक तुकडा चालवितात, संध्याकाळी परत आणतात. हा पोर्तुगालच्या किनाऱ्याचा मार्ग जुना आहे आणि देखणाही आहे. कामिन्या गावी मिन्यो नदीचे मुख आडवे येते, तेथे पायी चालणाऱ्यालाही होडीतच बसावे लागते. पलीकडच्या काठावर उतरला की तो पोर्तुगाल सोडून स्पेनमध्ये आलेला असतो आणि घड्याळ एक तास पुढे गेलेले असते.

ह्या बेतात वाईट काही नाही. गुडघेदुखीच्या माणसाला त्यामुळे चार दिवस ती वाट दिसते. तरीसुद्धा माझ्या मनात दोन गोष्टी खटकल्या. एक, तुकडे निवडणारा कोण? तर कंपनी. गावाबाहेरचा कारखाना, डांबरी सडक, पाऊस, हे सारे वगळून तेवढे सुंदर काढून दिले जाते. दुसरी गोष्ट रात्रीची. सांतियागोच्या वाटेवरच्या धर्मशाळांत एकावर एक रचलेल्या पलंगांवर अनोळखी माणसे झोपतात, घोरतात, एकमेकांच्या पायांच्या फोडांना दोरा ओवून देतात. ज्याने वारीतल्या राहुट्या पाहिल्या आहेत, त्याला ह्यात काय आहे हे समजेल. जहाजावर परत गेलेला माणूस एवढ्याला मुकतो. चालणे त्याचे झालेले असते. सोबत झालेली नसते.

परंतु जहाजाच्या नावाने मास्तरांना निराश करून पाठवावे, असेही मला वाटेना. आणि शोधता शोधता मला जे सापडले ते मी स्वतः जाऊन पाहून आलो आहे, म्हणून त्याविषयी जरा सविस्तर बोलतो.

पोर्तुगालकडून येणाऱ्या मुख्य वाटेवर पोन्तेवेद्रा हे शहर आहे. तेथे यात्रेकरू मातेचे अठराव्या शतकातले चर्च आहे, त्याचा आराखडाच यात्रेच्या शिंपल्यासारखा. येथून एक फाटा डावीकडे समुद्राच्या बाजूला निघतो. पहिल्या दिवशी कोंबार्रो ह्या कोळ्यांच्या गावावरून, जेथे पाण्याच्या काठाशी दगडी पायांवर उभी केलेली धान्याची कोठारे रांगेने आहेत, चढ चढून आर्मेन्तेइरा मठापर्यंत. ह्या मठाचा एक महंत रानात पक्ष्याचे गाणे ऐकत बसला आणि उठून पाहतो तो तीनशे वर्षे उलटून गेलेली, अशी त्या मठाची कथा. दुसऱ्या दिवशीचा उतार ओढ्याच्या कडेकडेने, जुन्या पाणचक्क्यांच्या रांगेतून. ही वाट सावलीची आहे. एकामागून एक चक्की, काही पडक्या, काही डागडुजी केलेल्या. पाण्याचा आवाज सतत कानाशी. पुढे द्राक्षांचे मळे लागतात, दगडी खांबांवर चढविलेले मांडव. नाशिककडच्या माणसाला घरी आल्यासारखे वाटावे. संध्याकाळी विलानोवा दे आरोसा हे किनाऱ्यावरचे गाव येते, आणि तेथे वाट संपते. पुढे पाणी.

तिसऱ्या दिवशी होडीत बसावयाचे. होडी लहान, आणि ती कोणत्या वेळी सुटेल हे ठरते भरती-ओहोटीवर, कारण उल्या नदीचे पात्र वरच्या अंगाला उथळ आहे. आम्हांला आदल्या रात्री सांगितले, की उद्या इतक्या वाजता या. आमच्याबरोबर एक गृहस्थ होते, त्यांना पुढे विमान गाठावयाचे होते. त्यांनी होडीवाल्याला विचारले, तासभर आधी निघता येणार नाही काय? तो काही रागावला नाही. त्याने हाताने खाडीकडे दाखविले, एवढेच.

आरोसाची खाडी विस्तीर्ण आहे. तिच्यात जिकडे तिकडे लाकडी तराफे नांगरलेले दिसतात, दोन हजारांहून अधिक. प्रत्येक तराफ्याखाली शेकडो दोर सोडलेले असतात आणि त्या दोरांवर शिणाणे वाढतात. खाडी ही तेथल्या लोकांची शेती आहे. ह्या तराफ्यांमधून होडी नदीच्या मुखाकडे वळते. वाटेत काठांवर आणि खडकांवर दगडी क्रूस उभे केलेले आहेत, सतरा. ख्रिस्ताच्या वधस्तंभाच्या वाटेचे टप्पे चर्चच्या भिंतीवर असतात ते येथे पाण्यात मांडले आहेत, असे समजा. ते जुने नाहीत, अर्वाचीनच आहेत. परंतु सकाळच्या धुक्यात एकेक पुढे येतो तेव्हा ते ध्यानात राहत नाही.

काटोइरा येथे नदीकाठी दोन पडके बुरूज आहेत. उत्तरेकडचे नॉर्मन चाचे ह्याच पाण्यातून आत घुसत, म्हणून हा कोट. ९६८ साली त्यांच्याशी लढताना सांतियागोचा बिशप सिस्नांदो मारला गेला. पुढे बाराव्या शतकात आर्चबिशप खेल्मिरेस ह्याने जिनोआहून ओजेरिओ नावाचा कसबी कारागीर बोलावून लढाऊ गलबते बांधविली. संताची नाव ज्या पाण्यातून आली म्हणावयाचे, त्याच पाण्यातून चाचेही आले, हे त्या लोकांनी कधी लपविलेले नाही; दर वर्षी ऑगस्टात काटोइराचे लोक चाच्यांचे सोंग घेऊन मोठी जत्रा करतात.

होडी पोन्तेसेसुरेसला लावतात. उतरून थोडे चालले की पाद्रोन, आणि तो वेदीखालचा दगड. मी तो पाहिला. दगड म्हणून पाहिला तर साधाच आहे. परंतु तीन दिवसांत पायाखालची जमीन, मग पाणी, आणि मग पुन्हा जमीन असा जो क्रम होतो, तोच त्या दंतकथेचा क्रम आहे, हे तेथे उभे राहिल्यावर पहिल्यांदा माझ्या लक्षात आले. पुस्तकात वाचून ते लक्षात आले नव्हते. पाद्रोनहून सांतियागो सुमारे २५ किलोमीटर. तरणी माणसे एका दिवसात जातात, मी दोन दिवस घेतले. वाट गावागावांतून, कोबीच्या वाफ्यांतून, मधूनच मोठ्या सडकेला चिकटून जाते. शेवटचे तीन-चार किलोमीटर शहराच्या उपनगरांतले, रुक्ष. ते कोणी वगळून दिले नाहीत ह्याचे मला बरे वाटले.

आता मास्तरांच्या पत्रकातले जहाज आणि ही होडी, दोन्ही पाण्यावरचीच. फरक मला दिसतो तो असा. जहाजाचे वेळापत्रक उतारूंसाठी आखलेले असते. होडीचे वेळापत्रक कोणासाठीच आखलेले नसते. मार्जरी केंप सहा आठवडे ब्रिस्टलच्या बंदरात बसून राहिली ती जहाजासाठी. चालणाऱ्याला स्वतःच्या पायांपुढे नमावे लागते, पाण्यावरून जाणाऱ्याला पाण्यापुढे. कोणापुढेच नमावे लागले नाही, तर मात्र सहल. गुडघ्यांचा ह्यात काही संबंध येत नाही.

ह्यावर कोणी म्हणेल, की होडीसुद्धा पैसे घेते आणि तीही एक धंदाच आहे. आहेच. विल्यम वे ह्यांना प्लिमथच्या जहाजवाल्याने फुकट नेले नव्हते. धर्मशाळा, खानावळी, शिंपले विकणारे, सारे जुनेच आहेत. कॅथेड्रलच्या उत्तर दरवाजासमोरच्या चौकात यात्रेकरूंना शिंपले विकले जात असल्याची नोंद त्या बाराव्या शतकातल्या ग्रंथातच आहे. वूस्टर येथील कॅथेड्रलमध्ये १९८६ साली मध्ययुगातल्या एका यात्रेकरूची कबर उघडली गेली, तेव्हा त्याच्याबरोबर बूट, काठी आणि भोक पाडलेला शिंपला सापडला. तो चालत गेला होता की जहाजाने, हे त्याच्या बुटांवरून कोण सांगणार?

परत आल्यावर मी आगाशीला गेलो आणि हे सारे मास्तरांना सांगितले. त्यांनी नकाशा मागितला. पोन्तेवेद्रापासूनचा चढ त्यांनी बोटाने मोजला आणि मान हलविली. तो त्यांना झेपणारा नाही. विलानोवापासून होडी आणि पाद्रोनपासून तीन दिवसांत, आठ-आठ किलोमीटर करीत चालणे, एवढे त्यांनी पसंत केले. "ह्यात प्रमाणपत्र मिळायचे नाही," मी म्हणालो. शंभर किलोमीटर कोठून भरणार? ते म्हणाले, "चाळीस वर्षे मुलांना प्रमाणपत्रे वाटली. आता एक नाही मिळाले तर चालेल." २०२७ साली २५ जुलै रविवारी येतो, तेव्हा फार गर्दी होईल, त्याच्या आधी किंवा नंतर जावे, असे मी सुचविले. त्यांना ते पटले नाही. पवित्र वर्षी जाता येत असताना दुसऱ्या वर्षी का जावे, असे त्यांचे म्हणणे, आणि त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

मग त्यांनी वही काढली आणि एकेक गोष्ट टिपून घेऊ लागले : मुक्काम कोठे, औषधे किती दिवसांची, पावसाळी अंगरखा न्यावा की छत्री. शेवटी विचारले, "आणि ती विलानोवाची होडी सकाळी किती वाजता सुटते?" मी म्हटले, ते भरतीवर आहे. मास्तरांनी वहीत काही लिहिले नाही. आगाशीच्या माणसाला तेवढे उत्तर पुरले.